माती सपाट करणारे पाते निवडताना: आधी वजन, मग रुंदी

ट्रॅक्टरच्या मागे लावायचे पाते पहिल्यांदा घेतले, तेव्हा मी एकाच मापाची चौकशी केली होती, ते म्हणजे रुंदीचे. माझ्या ४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी १.७५ मीटर भरते, तेव्हा १.८ मीटरचे पाते त्याला नेमके पुरेल, असा माझा हिशेब होता. पाते जोडले आणि शेताकडे जाणाऱ्या, वर्षानुवर्षे चाकांखाली घट्ट बसलेल्या कच्च्या रस्त्यावरून पहिली फेरी मारली. मागे वळून पाहिले, तर दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर चार-दोन चकचकीत ओरखडे आणि थोडी भुरभुरीत धूळ, यापलीकडे काहीच झालेले नव्हते. पाते मातीत शिरतच नव्हते, ते तिच्यावरून घसरत पुढे येत होते. त्या दिवसानंतर मी या अवजाराकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि जो कोणी नवे पाते घ्यायच्या विचारात असेल त्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो: रुंदी विचारण्यापूर्वी वजन विचारा.

याचे कारण ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या रचनेत आहे. बहुतेक शेती ट्रॅक्टरांची हायड्रॉलिक लिफ्ट अवजार वर उचलण्यासाठी जोर लावते, खाली दाबण्यासाठी नाही. लिव्हर खाली केला की अवजार केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. नांगराची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या फाळाचा आकारच असा असतो की ओढले की तो आपोआप जमिनीत ओढला जातो. सरळ पात्याला असे आत खेचणारे काही नसते. त्याच्या धारेवर जे वजन येते, तेवढ्याच वजनाने ते कापते, आणि कठीण जमिनीत ते वजन अपुरे पडले तर ट्रॅक्टर कितीही दमदार असला तरी उपयोग होत नाही. माझे पहिले पाते ११० किलोचे होते, म्हणजे मीटरमागे सुमारे ६१ किलो. नंतर घेतलेले पाते २.१ मीटर रुंद आणि २८० किलोचे आहे, म्हणजे मीटरमागे १३३ किलो. तोच ट्रॅक्टर, तोच रस्ता, आणि पहिल्याच फेरीत धारेपुढे मातीची गुंडाळी फिरू लागली. यावरून मी स्वतःपुरते एक माप ठरवले आहे: नुकत्याच नांगरलेल्या भुसभुशीत मातीत हलके पाते चालून जाते, पण घट्ट जमीन किंवा मुरमाचा रस्ता कापायचा असेल, तर मीटरमागे १०० किलोच्या खालचे पाते घेऊ नये.

हलक्या पात्यावर वजन चढवता येते, हे खरे आहे. मीही त्या पात्याच्या सांगाड्यावर वाळूची दोन पोती साखळीने घट्ट बांधून काम भागवले होते, आणि पाते तेवढ्यानेही बोटभर खाली कापू लागले होते. मात्र हलके पाते हलक्या पोलादाचे असते, आणि वरून घातलेला भार त्याच्या सांध्यांना सोसेलच असे नाही. भार म्हणून पात्यावर माणूस उभा करणे हा तर जिवावर बेतणारा प्रकार आहे. धार एखाद्या दगडाला अडखळली की उभा माणूस पुढे फेकला जातो, तोही थेट पाते आणि चाक यांच्या मधे. असे करताना मी पाहिले आहे, आणि ज्याला रोखता आले त्याला रोखले आहे.

आता रुंदीकडे वळतो, कारण तिथे माझी दुसरी चूक लपलेली होती. पाते नेहमी सरळ चालवायचे नसते. रस्त्याची माती कडेकडून मध्याकडे आणायची असो, चर काढायचा असो किंवा मातीची लांब ओळ एका बाजूला सरकवायची असो, पाते तिरपे करावे लागते, आणि तिरपे केले की त्याची कामाची रुंदी घटते. १.८ मीटरचे पाते ३० अंशांनी वळवले की ते प्रत्यक्षात १.५६ मीटर रुंदीच साफ करते. माझ्या ट्रॅक्टरची रुंदी १.७५ मीटर असल्यामुळे एका बाजूचे चाक दर फेरीला मी नुकत्याच सरकवलेल्या मातीच्या ओळीवरून जायचे, ती दाबून टाकायचे, आणि चाक वर चढले की पातेही एका बाजूने उचलले जायचे. २.१ मीटरचे पाते त्याच ३० अंशांत १.८२ मीटर भरते, म्हणजे दोन्ही चाके आत राहतात. ४५ अंशांवर तेही १.४८ मीटरवर येते, पण एवढ्या तिरप्या कोनाची गरज मला क्वचितच पडते. म्हणून दुकानात उभे राहून विचारायचा प्रश्न असा आहे: ३० अंशांत वळवल्यावर हे पाते माझ्या चाकांच्या बाहेर किती उरते?

रुंदी वाढवत नेण्यालाही मर्यादा आहेच. पाते जेवढे रुंद, तेवढी माती त्याच्यापुढे साठते. दोन मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच पात्यापुढे पूर्ण भरलेला ढीग साधारण ०.२९ घनमीटरचा होतो, आणि मोकळ्या मातीचे वजन घनमीटरमागे १.३ टन धरले तर तो पावणेचारशे किलोच्या घरात जातो. ही माती उचललेली नसते, जमिनीवरून घासत ढकललेली असते, आणि त्याच वेळी खालची धार नवी माती कापत असते. ट्रॅक्टर हलका असेल तर अशा वेळी इंजिन दमण्याआधी चाके फिरू लागतात. ओढण्याची खरी ताकद चाकांवरच्या वजनातून येते, त्यामुळे हॉर्सपॉवरच्या जोडीने ट्रॅक्टरचे वजनही लक्षात घ्यावे लागते.

उचलण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. लिफ्टची क्षमता सहसा लोअर लिंकच्या (अवजार धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकांपासून ६१० मिलिमीटर मागच्या बिंदूवर मोजून सांगितलेली असते. लांब सांगाड्याच्या पात्याचे वजन त्याहून बरेच मागे असते, तेव्हा कागदावरच्या आकड्यातून त्या मानाने वजावट धरावी. पाते पूर्ण उचलल्यावर ट्रॅक्टरच्या मूळ वजनाचा निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलके पडते आणि उतारावर ट्रॅक्टर हवा तिकडे वळत नाही. गरज असेल तर पुढे वजने लावावीत, त्यात कसूर करू नये.

जोडणीची मापेही आधीच पाहून ठेवावीत. या मापांचे वर्ग म्हणजे कॅटेगरी: कॅटेगरी १ च्या लोअर लिंकची पिन २२ मिलिमीटरची असते, कॅटेगरी २ ची २८ मिलिमीटरची. ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर या दोन्हींच्या सीमेवर येतो. पिनवर बुश (पोकळ नळीचा तुकडा) चढवून कॅटेगरी १ चे अवजार कॅटेगरी २ च्या ट्रॅक्टरला जोडता येते, पण बुश न लावता सैल पिनवर पाते ओढत राहिले की भोक हळूहळू लांबट होत जाते.

भोकांचा विषय निघालाच आहे, तर पात्याच्या ज्या भागाकडे मी आता सर्वांत जास्त वेळ पाहतो त्याबद्दल लिहितो. पाते ज्या मधल्या खुंटाभोवती फिरते तो खुंट, आणि कोन पक्का करणारी पिन ज्या जाड पत्र्याच्या भोकांत बसते तो पत्रा, या दोनच ठिकाणी पात्याचे सगळे आयुष्य ठरते. तिरप्या पात्याचे एक टोक दगडावर किंवा मुळावर आदळले की तो सगळा धक्का मीटरभर लांबीच्या तरफेने या एका पिनेवर येतो. जुने पाते घेताना मी ते जमिनीपासून वीतभर उचलून धरायला सांगतो, बाजूला उभा राहतो, त्याचे एक टोक हाताने धरून पुढे-मागे हलवतो, आणि खुंटाजवळ किती खडखडते ते पाहतो. टोक दोन बोटे हलले तर भोके खाल्ली गेली आहेत असे समजावे. माझ्या पहिल्या पात्याची गोल भोके वर्षभरात अंड्याच्या आकाराची झाली होती, आणि त्यामुळे ठरवलेला कोन फेरीगणिक बदलत असे. पत्रा जाड हवा, पिन जाड हवी, आणि पात्याच्या पाठीवर आडवी मजबूत पट्टी किंवा चौकोनी नळी वेल्ड केलेली हवी. रंग किती चकचकीत आहे यावरून यातले काहीच कळत नाही. तिरप्या पात्यामुळे ट्रॅक्टरच्या लोअर लिंक बाजूला ओढल्या जातात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दोन्हीकडच्या चेक चेन, म्हणजे त्यांचे बाजूला झुलणे रोखणाऱ्या साखळ्या, आवळून घ्याव्यात.

इथवर मी साध्या मागच्या पात्याबद्दलच लिहिले, पण प्रत्येक कामाला तेच योग्य असे नाही. माती एका जागेवरून उचलल्यासारखी दुसरीकडे न्यायची असेल, म्हणजे इथला उंचवटा काढून पन्नास मीटरवरच्या खळग्यात टाकायचा असेल, तर साध्या पात्याच्या दोन्ही टोकांतून माती गळत जाते आणि खळग्यापर्यंत निम्मीही पोहोचत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना भिंती असलेले बॉक्स ब्लेड चांगले. त्याच्या पुढच्या अंगाला कठीण जमीन फोडणारे दातही असतात. उलट, चर काढणे, रस्त्याला मध्यावर उंची देणे, मातीची ओळ कडेला सारणे ही कामे बॉक्स ब्लेडकडून होत नाहीत, कारण ते तिरपे वळत नाही. तिसरा प्रकार लांब घसरपट्ट्यांवर चालणाऱ्या आणि एकामागे एक दोन धारा असलेल्या अवजाराचा. कच्च्या रस्त्याचा पृष्ठभाग दुरुस्त करायला त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, पण ते माती लांब नेण्यासाठी नाही. स्वतःच्या वर्षभरातल्या कामांपैकी सर्वांत जास्त वेळ खाणारे काम कोणते, ते ठरवून त्यासाठी पाते घ्यावे. सगळी कामे करू शकणारे एकच पाते मागितले की हाती येते ते प्रत्येक कामात थोडे थोडे कमी पडणारे.

सपाटीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पाते चांगले असूनही जमिनीवर लाटा का उठतात, हे मला बराच काळ उमगत नव्हते. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांत सुमारे २ मीटर अंतर आहे आणि पाते मागच्या आसाच्या १.५ मीटर मागे चालते. पुढची चाके १० सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती कलतो आणि पाते साडेसात सेंटिमीटर खाली रुतते. पुढे त्याच उंचवट्यावर मागची चाके आली की पाते साडेसतरा सेंटिमीटर वर उचलले जाते. म्हणजे जिथे उंचवटा आहे त्याच्या अलीकडे खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यापुढे मातीचा ढीग सांडतो. जमिनीतला मूळ दोष दुरुस्त होण्याऐवजी वाढून मागे उरतो. रस्त्याच्या कामावरच्या मोटर ग्रेडरचे पाते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, तेही लांब सांगाड्याखाली, याच कारणाने बसवलेले असते. तिथे एका आसाच्या हालचालीचा काही अंशच पात्यापर्यंत पोहोचतो.

मागच्या पात्यावर याचा उपाय म्हणजे त्याच्याही मागे चालणारे आधाराचे चाक. सांगाड्याच्या टोकाला एक किंवा दोन चाके असली आणि टॉप लिंकला (अवजाराचा वरचा भाग ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या मधल्या दांडीला) मोकळीक दिली, म्हणजे तिच्या जागी साखळी लावली किंवा लांबट भोकाची पट्टी लावली, की पात्याची खोली ट्रॅक्टरच्या डोलण्यावर अवलंबून न राहता त्या चाकाच्या आधाराने ठरते. असे चाक जोडता येण्याची सोय असलेले पाते मिळत असेल, तर बाकी गोष्टी सारख्या असताना मी तेच निवडेन. चाक नसेल तर पहिल्या फेरीत अगदी वरवर कापावे, दुसरी फेरी पहिलीला तिरपी छेदून मारावी आणि वेग ताशी ४ ते ५ किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. वेग वाढला की पाते उड्या मारते. कच्च्या रस्त्यावर आधीच पडलेल्या आडव्या लाटा भरून काढता येत नाहीत हेही ध्यानात ठेवावे. त्यांच्या तळापर्यंत कापून सगळी माती मोकळी करावी लागते आणि मग पुन्हा पसरावी लागते. वरून नुसती माती टाकली तर वाहनांची चाके त्याच लाटा काही दिवसांत पुन्हा उघड्या करतात.

लिव्हरचा प्रश्न अनेकांना छळतो. ट्रॅक्टरच्या लिफ्टला सहसा दोन नियंत्रणे असतात, ड्राफ्ट आणि पोझिशन. पोझिशन नियंत्रण अवजाराला लिव्हरने ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवते. ड्राफ्ट नियंत्रण ही हॅरी फर्ग्युसन यांची देणगी. १९३९ सालच्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे ती पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरात आली. नांगरावर ताण वाढला की तो टॉप लिंकवाटे जाणवतो आणि लिफ्ट नांगर थोडा वर घेते. नांगरासाठी हे उत्तमच आहे. पण पात्यापुढे माती साठली की ताण वाढणारच, आणि त्या ताणाला भुलून लिफ्टने पाते वर घेतले तर नेमक्या उंचवट्यावरच ते कापायचे थांबते. त्यामुळे आधाराचे चाक नसलेले पाते पोझिशन नियंत्रणावरच चालवावे.

टॉप लिंक ही या कामातली दुसरी किल्ली आहे. साध्या पात्यात ती लांब केली की पात्याचा वरचा भाग मागे झुकतो, धार पटाशीसारखी पुढे येते आणि जास्त कापते. आखूड केली की पाते पुढे झुकते आणि माती खरवडत, पसरत जाते. बॉक्स ब्लेडचे याच्या उलट असते. टॉप लिंक आखूड केली की त्याचा मागचा भाग उचलला जातो, दात आणि पुढची धार जमिनीत शिरतात. लांब केली की मागची धार टेकते आणि सपाटी येते. हा फरक माहीत नसल्यामुळे एका अवजारावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर गोंधळतो. शेवटचा हात फिरवायला आणखी एक युक्ती उपयोगी पडते: पाते १८० अंशांत वळवून त्याची फुगीर पाठ पुढे करावी. ती माती कापत नाही, दाबत आणि पसरत जाते. ज्या पात्याला पूर्ण उलटे फिरण्याची सोय नाही, ते मी घेणार नाही. मात्र उलट्या पात्याने मागे जाऊन घट्ट माती ढकलण्याचा मोह टाळावा. लोअर लिंक ओढण्यासाठी बनवलेल्या असतात, मागे ढकलताना आलेल्या जोराने त्या वाकू शकतात.

खालची धार वेगळ्या पट्टीची आणि बोल्टने बसवलेली असावी, हे सांगायची गरज पडू नये, पण पात्यालाच धार काढून विकलेली स्वस्त पाती मी पाहिली आहेत. ती झिजली की सगळे पातेच संपते. बोल्टची पट्टी दोन्ही कडांना धार असलेली असेल तर एक कड झिजल्यावर उलटी करून लावता येते. बोल्टची डोकी पट्टीत बुडालेली असावीत, म्हणजे माती त्यांना अडत नाही. कोन आणि कल बदलण्यासाठी हायड्रॉलिक सिलिंडर हवेत का, असे मला विचारतात. पैसे एकाच सिलिंडरपुरते असतील तर तो कलासाठी घ्यावा, कारण कोन दिवसातून दोन-चारदाच बदलतो, पण एक बाजू उंच-खाली करण्याची गरज दर फेरीला पडते. ट्रॅक्टरला तेवढे हायड्रॉलिक आउटलेट (सिलिंडरच्या तेलाच्या नळ्या जोडायची तोंडे) आहेत का, हे मात्र आधी मोजावे.

आता मातीबद्दल, कारण चुकीच्या दिवशी काढलेले उत्तम पातेही जमिनीचे नुकसानच करते. माती ओली असेल तर पाते तिला कापत नाही, सारवते. चाकांखाली ती दबते आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते. फार वाळलेली असेल तर ढेकळे निघतात आणि पात्यापुढे नुसती गडगडत राहतात. वाफसा आलेला असतानाच हे काम करावे. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो पडून फुटला तर पाते जोडावे, तसाच बसला तर एक-दोन दिवस थांबावे.

पिकाची जमीन सपाट करताना वरचा १५ ते २० सेंटिमीटरचा सुपीक थर आधी काढून एका बाजूला ओळीने रचावा, खालची माती हवी तशी कापून-भरून सपाट करावी, आणि मग तो थर परत सगळीकडे सारखा पसरावा. याला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि डिझेलही, तरीही मी यात कधी तडजोड करत नाही. ज्यांनी उंचवट्याचा सुपीक थर सरळ खळग्यात लोटला, त्यांच्या शेतात कित्येक हंगाम एका भागात हिरवेगार आणि दुसऱ्या भागात पिवळे, खुरटलेले पीक उभे राहते. भराव टाकताना तो खचणार हे धरून खळगा जरा उंचच भरावा, आणि उताराचा आकडा डोळ्यांनी न ठरवता पाण्याच्या नळीने किंवा लेव्हल यंत्राने मोजावा. शंभर मीटरला एक मीटर म्हणजे एक टक्का उतार डोळ्यांना सपाटच वाटतो. चार मीटर रुंद कच्च्या रस्त्याला मध्यावर कडांपेक्षा आठ सेंटिमीटर उंची दिली, म्हणजे दोन्हीकडे चार टक्के उतार मिळतो आणि पाणी चाकोरीत न थांबता बाहेर जाते.

एवढे करूनही पहिल्या फेऱ्यांत सपाटी पूर्ण साधत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की मी छत्री आणि बांबूच्या पंधरा-वीस खुंट्या घेऊन शेतात जातो आणि जिथे जिथे पाणी साचले आहे तिथे डबक्याच्या कडेने खुंट्या ठोकतो. वाफसा आला की खुंट्यांच्या आत किती माती हवी ते कळते, जवळची कोणती जागा तेवढी देऊ शकते तेही दिसते, आणि मग पात्याची फुगीर पाठ पुढे करून त्या खुंट्यांपर्यंत माती पसरत जातो.